लांबी अधिक सहा, कंसाचा वर्ग

एक सूत्र सांगतो. कुत्र्याच्या नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी इंचात मोजा. त्यात ६ मिळवा. आलेल्या संख्येचा वर्ग करा. झालं! तेवढे चौरस इंच जमीन पिंजऱ्यात मिळाली, की अमेरिकेच्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या कुत्र्याला पुरेशी जागा मिळाली. उंचीचं तर त्याहून सोपं. उभ्या कुत्र्याच्या डोक्यावर ६ इंच मोकळे राहिले की बास.

२४ इंचाचा एखादा बीगल धरू. २४ अधिक ६ म्हणजे ३०, त्याचा वर्ग ९००. सव्वासहा चौरस फूट, म्हणजे अडीच फूट बाय अडीच फूट. हापिसातलं माझं टेबल याहून मोठं आहे आणि त्यावर मी फक्त कीबोर्ड आणि चहाचा कप ठेवतो. कुत्री व्यायली असेल तर दूध पिणाऱ्या दर पिल्लामागे साधारण ५ टक्के जागा वाढवायची, म्हणजे पिल्लागणिक ४५ चौरस इंच. दोन पोस्टकार्डं शेजारी शेजारी ठेवा, त्याहून किंचित जास्त. आणि एकट्या ठेवलेल्या कुत्र्याला सूत्राच्या दुप्पट जागा दिली, तर त्याला व्यायामासाठी बाहेर काढायचं बंधनही उरत नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असली सूत्रं फार आवडतात. इनपुट द्या, आउटपुट घ्या, पास की फेल ते सांगा. तपासणीला येणारा अधिकारी टेप घेऊन येणार, मोजणार, टिक करणार. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला प्रश्न पडला तो वेगळाच. कुत्र्याची जागा इंचात मोजायची वेळ कोणावर आणि का आली? शोधत गेलो तर दोन वीकेंड गेले.

गोष्ट सुरू होते १९६५ च्या उन्हाळ्यात, पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर. तिथून पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. घरच्यांनी शोध शोध शोधलं. माग लागला तो कुत्र्यांच्या दलालापर्यंत, आणि तिथून न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलपर्यंत. तोवर पेपर तिथल्या प्रयोगात मेली होती. त्या काळात प्रयोगशाळांना कुत्री पुरवणाऱ्या दलालांची साखळीच होती, आणि त्या साखळीत लोकांच्या अंगणातली कुत्रीही अलगद जात. न्यूयॉर्कचे खासदार जोसेफ रेझ्निक यांनी काँग्रेसमध्ये विधेयक आणलं. ४ फेब्रुवारी १९६६ च्या 'लाइफ' मासिकात एका दलालाच्या आवारातल्या हाडं निघालेल्या कुत्र्यांचे फोटो छापून आले, आणि पत्रांचा असा पाऊस पडला की काँग्रेसला हलावंच लागलं. २४ ऑगस्ट १९६६ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली.

आता इथे थांबून नीट बघा. हा कायदा कशासाठी होता? चोरलेली कुत्री प्रयोगशाळेत जाऊ नयेत म्हणून. पिल्लं पैदा करून विकण्याच्या धंद्याचा त्यात विचारच नव्हता. १९७० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा पाळीव प्राण्यांचे घाऊक व्यापारी त्याच्या कक्षेत आले. म्हणजे एका कामासाठी लिहिलेला कोड दुसऱ्या कामाला जोडला. (आम्ही हे रोज करतो आणि रोज भोगतो.)

तो घाऊक धंदा तोवर चांगला फोफावला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरं वाढली, तिथे बंगली, बागेपुढे गाडी आणि घरात एक जातिवंत कुत्रं हा थाट आला. पिल्लांना मागणी आली. मिझुरी, कॅन्सस, आयोवा या मधल्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या हातात रिकामी कोंबड्यांची खुराडी आणि सशांचे पिंजरे होते. त्यात कुत्री शिरली. जाळीच्या तळाचे पिंजरे, एकावर एक. विष्ठा खाली पडते, झाडायला नको. याचंच नाव पुढे 'पपी मिल' पडलं, म्हणजे पिल्लांची गिरणी. इंग्लंडमध्ये त्याला 'पपी फार्म' म्हणतात. शेत म्हटलं की कानाला बरं लागतं, एवढाच फरक.

यातलं गणित साधं आहे आणि म्हणूनच भयंकर आहे. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. नऊ आठवडे गाभण राहते. दर वेताला पाच पिल्लं धरली आणि एकही माज वाया घालवला नाही, तर वर्षाला दहा, पाच वर्षांत पन्नास पिल्लं. खर्चाच्या बाजूला जे जे लिहाल (डॉक्टर, माणूस, जागा, विश्रांती) ते कापलं की तेवढा नफा. पिल्लू आठ आठवड्यांत विकलं जातं, त्यामुळे त्याच्यावर थोडाफार खर्च करावाच लागतो, ते गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. आईला कोणालाच दाखवायचं नसतं. सगळी काटकसर तिच्याच अंगावर निघते.

गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) पेपर मेली त्याच १९६५ साली अमेरिकेत एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी मेन राज्यातल्या बार हार्बरला पाच जातींच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. त्या काळात ते आई आणि भावंडांकडून कुत्रं व्हायला शिकतं आणि माणसांच्या सहवासात माणसाळतं. त्याच संस्थेतल्या प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास मिळू दिला नव्हता, ती जवळजवळ रानटी झाली. खिडकी बंद झाली की नंतर कितीही लाड करा, भीती पुरती जात नाही.

म्हणजे विज्ञान तेव्हाच सांगत होतं की आठवडे मोजा. आणि कायदा इंच मोजत बसला. इंच मोजता येतात हे त्याचं कारण. कुत्री चावायला धावत नाही, पण कोपऱ्यात तोंड खुपसून थरथरते, ही नोंद कुठल्या रकान्यात करायची?

पण खरी मेख अजून पुढे आहे. १९७० च्या दुरुस्तीत घाऊकवाले आले, मात्र किरकोळ दुकानं वगळली. त्यामागचा युक्तिवाद वरवर पटणारा होता. दुकानात गिऱ्हाईक स्वतः येतं, प्राणी डोळ्यांनी बघतं, त्याची अवस्था वाईट असेल तर घेणार नाही. मग सरकारी निरीक्षक कशाला? ठीक. पण गिऱ्हाईक बघतं काय? काचेमागे कागदाच्या कातरणात लोळणारं गोंडस पिल्लू. त्याची आई दीड हजार किलोमीटरवर खुराड्यात. मग नव्वदच्या दशकात इंटरनेट आलं आणि वेबसाइटवरून थेट विकणारेसुद्धा 'किरकोळ विक्रेते' ठरले. म्हणजे गिऱ्हाईक बघतं म्हणून दिलेली सूट अशांना मिळाली जिथे गिऱ्हाईक काहीच बघत नव्हतं! लॉजिकमधला इतका ढळढळीत बग प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं राहिला. २०१० मध्ये त्याच कृषी खात्याच्या महानिरीक्षकांनी अहवालात खात्याचे कान उपटले, की वारंवार नियम मोडणाऱ्यांवरही तुम्ही कारवाई करण्याऐवजी समजावत बसता, आणि नेटवाले तर तुमच्या हातातच नाहीत. नेटची पळवाट बुजवणारा नियम आला २०१३ च्या शेवटी. त्यातही चार किंवा कमी माद्या असणाऱ्यांना सूट राहिलीच.

मिझुरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथे 'प्रपोझिशन बी' नावाचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे आला. एका ब्रीडरकडे जास्तीत जास्त ५० प्रजननक्षम कुत्री, जाळीचा तळ नको, मोकळं फिरायला जागा, दोन वेतांमध्ये विश्रांती. ५१ टक्क्यांहून थोडी जास्त मतं पडून तो मंजूर झाला. सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी या शहरांनी हो म्हटलं, ग्रामीण भागाने नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये, कायदा लागू व्हायच्या आधीच, विधिमंडळाने तो बदलला आणि ५० ची मर्यादा काढून टाकली. शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येतो ही त्यांची तक्रार मी अगदी खोटी म्हणणार नाही; कुत्र्यांवर आज हे नियम आले तर उद्या गुरांवर येतील ही भीती आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही कळेल. पण कुत्री हे पीक मानायचं की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

इंग्लंडमध्येही तेच झालं, फक्त इंचांऐवजी तिथे वेतं मोजली. १९७३ च्या कायद्याने ब्रीडरला स्थानिक पालिकेचा परवाना लागू केला. १९९९ च्या कायद्याने सांगितलं की परवानाधारकाने वर्षाच्या आतली कुत्री फळवायची नाही, आयुष्यात सहापेक्षा जास्त वेतं नाहीत, दोन वेतांत बारा महिन्यांचं अंतर. इंचांपेक्षा हे कितीतरी बरं. पण पिल्लू तिसऱ्याच माणसाने विकलं तर ते कुठल्या कुत्रीचं, तिचं कितवं वेत, हे शोधणार कोण? वेल्समधल्या शेतावरून निघालेलं पिल्लू दलालाच्या व्हॅनमधून इंग्लंडातल्या दुकानात किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात यायचं. मधला माणूस हाच सगळ्या व्यवस्थेचा पडदा होता.

२०१३ मध्ये वेल्समधल्या अशाच एका फार्मवरून लुसी नावाची कॅव्हलिअर किंग चार्ल्स स्पॅनिएल सुटली. वय साधारण पाच. वेतांवर वेतं काढून झाल्यावर तिचा उपयोग संपला होता. पिंजऱ्यात राहून पाठीचा कणा वाकलेला, कमरेचे सांधे आखडलेले, अंगावरचे केस गेलेले. तिला घर मिळालं, नंतर ती तीनेक वर्षंच जगली. डिसेंबर २०१६ मध्ये गेली. ब्रायटनचे पशुवैद्य मार्क अब्राहम त्याआधीपासून याच विषयावर रान उठवत होते. त्यांनी लुसीचं नाव मोहिमेला दिलं. मोहिमेची मागणी पिंजऱ्याची लांबी वाढवा अशी नव्हती. वेतं कमी करा अशीही नव्हती. मधला माणूस काढा, एवढीच होती. पिल्लू विकायचं तर ज्याने जन्माला घातलं त्यानेच, जन्मलं त्याच जागी, आईसकट दाखवून.

सुरुवातीला सरकारचं उत्तर ठरावीक होतं, की बंदी घातली तर धंदा भूमिगत होईल. (बंदीला विरोध करायचा असेल तर हे वाक्य जगातल्या कुठल्याही सरकारला चालतं.) अखेर ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची पिल्लं आणि मांजरीची पिल्लं तिसऱ्या माणसाने विकायला बंदी आली. लोक त्याला 'लुसीज लॉ' म्हणतात. वेल्सने तसाच कायदा सप्टेंबर २०२१ मध्ये केला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१९ पासून आणि न्यूयॉर्कने १५ डिसेंबर २०२४ पासून दुकानातून ब्रीडरची पिल्लं विकणं बंद केलं, तेही याच दिशेचं.

मला यातली चतुराई आवडली ती अशी. निरीक्षक कधीच पुरेसे नसतात. पण प्रत्येक पिल्लामागे एक गिऱ्हाईक असतंच. त्याला आईपुढे उभं केलं की फुकटात एक निरीक्षक मिळाला. १९७० साली अमेरिकेने दुकानांना सूट देताना हाच युक्तिवाद केला होता, फक्त चुकीच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून.

हा कायदा लागू झाला तो लॉकडाउन लागून दोन आठवडे होत असताना. घरात अडकलेल्या लोकांना कुत्रं हवं झालं, किमती कडाडल्या, आणि 'आता येऊ नका, करोना आहे, पिल्लू आम्हीच आणून देतो' ही आयती सबब मिळाली. पार्किंगमध्ये व्यवहार झाले. काही विक्रेते तर दुसरीच कुत्री आई म्हणून शेजारी बसवतात. भाड्याची आई! म्हणून तिथले जाणकार सांगतात, की ती पिल्लांना जवळ घेते का, तिच्या स्तनांना दूध आहे का, पिल्लं तिच्याकडे झेपावतात का, ते बघा.

आता आपल्याकडे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि खंडोबाबरोबर एक असलेला आपला देश. १९६० च्या आपल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला होता १० ते ५० रुपये. १९६० मध्ये ती रक्कम होती, आज कटिंग दोन जणांनी प्यायला तर संपते. २००३ मध्ये 'हच'च्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घराघरात पग हवा झाला. चपट्या नाकाचा तो प्राणी, त्याला धड श्वास घेता येत नाही, आणि आपण त्याला मे महिन्यात फ्लॅटच्या गॅलरीत ठेवणार. तेवढे पग कुठून आले असतील, हा प्रश्न तेव्हा मी शाळकरी असल्यामुळे मला पडला नाही. मोठ्यांनाही पडल्याचं आठवत नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांत पिल्लं बघायला आपण लहानपणी हौसेने जायचो. पिल्लं बघितली. आई कोणी बघितली?

२०१५ मध्ये विधि आयोगाने आपल्या २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकानं आणि ब्रीडर यांना नियम हवेत असं सांगितलं, आणि मे २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले. वाचायला खरोखर चांगले आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय फळवायची नाही. वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाच. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. ब्रिटनच्या १९९९ च्या कायद्यापेक्षा कडक! पण पडदा तसाच आहे. मधला माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो आणि बसच्या टपावरून किंवा टेम्पोतून पिल्लू येतं.

आमच्या टीममधल्या एकाला गोल्डन रिट्रीव्हर हवा होता. नेटवर सापडलेल्या एका विक्रेत्याला त्याने माझ्यासमोर फोन लावला, स्पीकरवर. रंग, किंमत, 'पेपर' सगळं झालं. मी खुणेने सांगितलं, आई बघता येईल का विचार. पलीकडून क्षणभर शांतता, मग उत्तर आलं, "आई गावाला असते साहेब." जणू दिवाळीला गेली आहे.

'पेपर'चं तेवढं सांगून टाकतो, कारण त्यावर लोक फार भुलतात. केनेल क्लबचं प्रमाणपत्र म्हणजे वंशावळ. बाप कोण, आजा कोण. लंडनच्या केनेल क्लबची १८७३ मध्ये स्थापना झाली तेव्हापासून या नोंदवह्यांचं काम तेच आहे. आई कशी राहते, काय खाते, कितव्यांदा व्यायली, यातलं काही त्या कागदावर नसतं. नुसता कागद म्हणजे सातबारा. उताऱ्यावरून विहिरीला पाणी आहे की नाही ते कळत नाही.

मग चांगला ब्रीडर कसा ओळखायचा? मंडळी, ज्यांच्याशी बोललो त्या सगळ्या डॉक्टरांनी पहिलं तेच सांगितलं, जा आणि आई बघा. जागेवर, आधी न ठरवलेल्या वेळी गेलात तर उत्तम. ती परक्या माणसाला बघून शेपूट हलवते की भिंतीला चिकटते, ते कुठल्याही कागदापेक्षा जास्त सांगतं. तिचं वय आणि कितवं वेत ते विचारा, नोंदणी क्रमांक मागा, लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांच्या सहीशिक्क्यासह आहे का बघा. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर आईबापांच्या खुब्याचा एक्स-रे काढलाय का विचारा, प्रामाणिक माणूस त्या प्रश्नाने खूश होतो. एकाच माणसाकडे सात जातींची पिल्लं 'रेडी स्टॉक' असतील तर तिथून निघा. पिल्लू पाच आठवड्यांचं असेल आणि "लहान असतानाच लळा लागतो" असं सांगत असतील तर तेव्हाही निघा, बार हार्बरची खिडकी आठवून. आणि दया येऊन आजारी पिल्लू विकत घेऊ नका. हे लिहायला जड जातं. पण पिंजरा रिकामा झाला की त्यात दुसरं येतं, आणि त्यासाठी तीच कुत्री पुन्हा गाभण राहते. तक्रार करा, पैसे देऊ नका. जात महत्त्वाची नसेल तर रस्त्यावरची आणि निवाऱ्यातली पिल्लं आहेतच, त्यांच्या आया बहुतेक वेळा गल्लीतच भेटतात.

माझ्या त्या सहकाऱ्याला शेवटी एका निवृत्त बाईंचा पत्ता मिळाला. त्यांच्याकडे दोनच कुत्री, वर्षा-दोन वर्षांतून एखादं वेत. आम्ही दोघं गेलो. आई दारातच आली, आमच्या चपला हुंगल्या आणि पायांवर बूड टेकून बसली. पिल्लं आतल्या खोलीत पलंगाखाली. प्रश्न आम्ही विचारणार होतो, पण विचारत त्याच बसल्या. घर स्वतःचं का, सोसायटीची परवानगी आहे का, कुत्रं नकोसं झालं तर मलाच परत द्याल असं लिहून द्याल का. मग म्हणाल्या, "दिवसभर घरी कोण असतं?"

"कोणी नाही. मी आठपर्यंत येतो, बायको साडेसातपर्यंत."

"मग नको," बाई म्हणाल्या. पुढचं वेत दीड वर्षांनी आहे, तोवर काही बदललं तर फोन करा म्हणून त्यांनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं, आणि नावापुढे कंसात 'घरी कोणी नाही'.